आधी मोजा, मग खोला: जुन्या गाडीतला बिघाड घरी कसा शोधायचा

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस ओसरला तरी किनाऱ्यावर खारा वारा असतोच. घर मांद्रे-मोरजीला असो की डिचोली-साखळीला, पंधरा-वीस वर्षांची गाडी अंगणात उभी असेल तर तिच्या बिघाडांना एक ठरावीक वळण असतं. इंजिन झिजलं म्हणून गाडी अचानक बंद पडली, असं क्वचितच होतं. कुठेतरी करंट अडतो, पेट्रोल अडतं, नाहीतर पाणी नको तिथे शिरतं. या तिन्ही गोष्टी घरी, साध्या हत्यारांनी शोधता येतात.

पण बिघाड शोधणं वेगळं आणि पार्ट बदलत सुटणं वेगळं. गाडी सुरू होत नाही म्हणून आधी बॅटरी, मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) असं अंदाजाने बदलत गेलं की पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. मालकाचा धीर सुटतो तो इथेच, आणि अजून दहा वर्षं चालली असती अशी गाडी भंगारात जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मारुती 800 चंच बघा. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. जुन्या, कार्बोरेटरवाल्या 800 चं बॉनेट उघडलं की 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बॅटरी, कॉइल, डेल्को (एकेका प्लगला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) सगळं समोर, हाताला लागेल असं. इतकी उघडी गाडी आता कोणी बनवत नाही. ती समजून घेणं अवघड नाही, फक्त क्रम सोडायचा नाही.

हत्यारं थोडी लागतात: साधा डिजिटल मल्टिमीटर, आठ ते सतरा नंबरचे पाने, प्लगपाना, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि बरा टॉर्च. यात मल्टिमीटर सोडून बाकीचं बहुतेकांच्या घरी असतं. मल्टिमीटर मात्र घ्याच. त्याच्यावाचून पुढचं सगळं अंदाजपंचे.

किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं?

"गाडी सुरू होत नाही" एवढ्याने काहीच कळत नाही. पहिला प्रश्न असा: किल्ली फिरवल्यावर सेल्फ इंजिन फिरवतो का? फिरवत असेल, पण गाडी पेट घेत नसेल, तर बॅटरीला आणि सेल्फला हात लावायचं कारण नाही. स्पार्क नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. सेल्फ फिरवतच नसेल तर स्पार्क-पेट्रोलचा विचार नंतर. या एका प्रश्नाने अर्धी गाडी संशयातून सुटते.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावा आणि पुन्हा किल्ली मारा. दिवे एकदम विझल्यासारखे झाले, टकटकटक असा आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलचा सांधा खराब आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच 'टक' आला, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरीवर. काहीच आवाज नाही आणि दिवे जसेच्या तसे, म्हणजे किल्लीचा स्विच किंवा सेल्फच्या सॉलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचला) जाणारी बारीक वायर.

आता मीटर. डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 च्या आसपास आकडा म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही, पण हा निवाडा बॅटरी पूर्ण चार्ज करूनच द्यायचा. गाडी सुरू झाल्यावर आकडा 13.8 ते 14.5 हवा. तो 12.5 वरच अडला तर चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा डायनामो चार्ज करत नाही, 15 च्या वर गेला तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी शिजवतोय. हे करायला पाच मिनिटं लागत नाहीत. तरीही कितीतरी बॅटऱ्या एवढंही न बघता बदलल्या जातात.

परतीची वाट

आता मुख्य मुद्दा. गोव्याच्या हवेत जुन्या गाडीला सगळ्यात जास्त सतावतं ते खराब अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. आणि नेमकं तेच तपासायचं राहतं, कारण ते दिसत नाही.

बॅटरीच्या प्लसमधून करंट वायरीने सेल्फकडे, दिव्यांकडे जातो हे आपण जाणतो. परत येताना मात्र त्याला वेगळी वायर नसते. तो गाडीच्या पत्र्यातून आणि इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या मायनसला येऊन मिळतो. इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं, म्हणजे पत्र्यापासून तुटलेलं. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी किंवा जाड केबल असते. ती असते खाली, चिखल उडतो तिथे. तिच्या टोकाला तांबं, त्याखाली लोखंडी पत्रा, पलीकडे ॲल्युमिनियम. त्यात खारट ओल शिरली की वेगवेगळ्या धातूंचा सांधा आतून कुजायला लागतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, खाली हिरवी-पांढरी भुकटी साचलेली असते.

डिचोलीला आमच्या शेजारी तात्यांची मारुती 800 आहे. पावसाळ्यात सकाळी सेल्फ ओढून ओढून फिरायचा, दुपारी ऊन पडलं की बरा चालायचा. "अरे, नवी बॅटरी घातली, सेल्फ खोलून कार्बन बदलून आणला, तरी सकाळी हीच रड," असं ते सांगत होते. आम्ही कॉइलची मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनला अर्थ करून ठेवलं, म्हणजे गाडी पेट घेऊ नये, आणि तात्यांना किल्ली मारायला सांगितलं. मीटर बॅटरीवर 11 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. पुन्हा किल्ली. आकडा 1.9.

या एका आकड्यात सगळं आलं. खुंटी आणि इंजिन ही दोन्ही एकाच परतीच्या वाटेची टोकं. वाट मोकळी असेल तर त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य यायला हवा. सेल्फ फिरताना 0.2 ते 0.3 व्होल्ट चालेल, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत अडथळा आहे. तात्यांच्या गाडीत बॅटरीच्या 11 व्होल्टपैकी जवळपास 2 व्होल्ट परत येतानाच खर्च होत होते आणि सेल्फच्या वाट्याला 9 उरत होते. पुढचं काम सोपं होतं. काळी पिन खुंटीवरच ठेवून लाल पिन एक-एक टप्पा पुढे नेली. खुंटी ते टर्मिनल, काही नाही. खुंटी ते बॉडी, 0.1. खुंटी ते इंजिन, पुन्हा 1.9. म्हणजे अडचण बॉडी आणि इंजिन यांच्या मधोमध. खाली वाकून बघितलं तर विणलेल्या पट्टीचे अर्धेअधिक पदर तुटलेले, उरलेले मोरपंखी हिरवे. नवी पट्टी लावली, दोन्ही जागचा रंग आणि गंज चमक येईपर्यंत घासला, आणि आकडा 0.15 वर आला. सेल्फ एका दमात फिरला. जुनी बॅटरीही शाबूत होती हे तात्यांना तेव्हा कळलं.

इथे बरेच जण एक शॉर्टकट घेतात. मीटर बीपवर (तार सलग आहे का हे आवाजाने सांगणाऱ्या खुणेवर) ठेवतात, दोन टोकांना पिना लावतात, बीप वाजला की "अर्थिंग ओके". हे खोटं समाधान आहे. सेल्फ साधारण 100 ते 150 अँपिअर ओढतो. 120 अँपिअर धरले तर 1.8 व्होल्ट खायला फक्त 0.015 ओहमचा अडथळा पुरतो. साध्या मीटरला इतका बारीक अडथळा दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा याच्या कितीतरी पट असतो. तांब्याची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. गच्चीवरच्या टाकीचा पाइप आतून क्षाराने भरला, तरी नळ बंद असताना दाब पुरेपूर असतो, नळ सोडल्यावरच धार बारीक होते. तसंच हे. म्हणून मोजमाप करंट वाहत असतानाच घ्यायचं, गाडी गप्प असताना नाही.

हीच पद्धत प्लसच्या बाजूलाही लागू. बॅटरीच्या प्लस खुंटीवर एक पिन, सेल्फच्या जाड बोल्टवर दुसरी, मग किल्ली. पुन्हा अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. हेडलाइट मंद असतील तर दिवा लावून त्याच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. हॉर्न, वायपर, फॅन, सगळ्यांना हाच न्याय.

अर्थिंग बिघडलं की गाडी काही चमत्कारिक गोष्टी करते. त्या ओळखता आल्या तर मीटर बाहेर काढायच्या आधीच रोख कळतो. इंडिकेटर लावला की त्याच्या जोडीने मागचा लाल दिवाही लुकलुकतो: मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो आणि बंद केले की उतरतो: इंजिन तापलेलं नाही, डॅशबोर्डवरच्या मीटरचा अर्थ कच्चा आहे. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होते, कधी धूरही येतो. इंजिनची पट्टी तुटल्यावर करंट दुसरी वाट शोधतो आणि त्या पातळ केबलमधून परत जातो. असं दिसलं तर पुन्हा किल्ली मारू नका.

दुरुस्ती करताना मायनसचं टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी खपली गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली की फसफसून निघते. धातू कोरडा करून घासा, घट्ट आवळा, आणि मगच वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. ते सांध्याच्या आत नको, वर हवं, ओल अडवायला. वायरीची दोन टोकं पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो आधी कापा. टेपच्या आत पाणी साठतं आणि तांबं हिरवं होत वायरीच्या आतवर जातं. नीट क्रिंप केलेला (धातूच्या टोपीत दाबून बसवलेला) किंवा झाळलेला, वरून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलेला जोडच पावसात टिकतो.

सेल्फ फिरतो, गाडी पेट घेत नाही

इथे दोनच वाटा, स्पार्क आणि पेट्रोल. पावसात आधी स्पार्क बघा.

एक प्लग काढा, त्याची वायर परत लावा, प्लगचा धातू इंजिनला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला किल्ली मारायला सांगा. हात लांब, कारण या वायरीत हजारो व्होल्ट असतात. पेसमेकर असलेल्या माणसाने तर हे करूच नये. प्लगचं भोक पेट्रोलची वाफ सोडतं, म्हणून टेकवलेला प्लग त्याच्यापासून दूर ठेवा. ठिणगी निळी, जोरकस हवी. पिवळट, लुळी असेल किंवा नसेलच, तर डेल्कोची टोपी उघडा. आत ओल किंवा कोळशाने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली की चोर सापडला. ओल पुसून टोपी वाळवली की गाडी सुरू होते. पण काळी रेघ पडली असेल तर टोपी बदलावीच लागते, कारण करंटने तिथे आपला रस्ता पाडलेला असतो. गाडी सुरू होऊन पावसात मिसिंग मारत असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडा. प्लगच्या वायरी जिथे फुटल्यात तिथे निळसर किडे वळवळल्यासारखे दिसतील. कोणत्या सिलिंडरचा बिघाड आहे हे कळायला कार्बोरेटरच्या गाडीत इन्सुलेट केलेल्या पकडीने एक-एक प्लगची वायर क्षणभर काढून बघतात: जी काढल्यावर इंजिनच्या चालीत फरक पडत नाही तोच सिलिंडर झोपलाय. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, असं करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा.

काढलेल्या प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. हे घरचं काम नव्हे.

पेट्रोल येतं का हे कार्बोरेटरच्या गाडीत डोळ्यांनी दिसतं. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, आणि हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा एकदा ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर आत पेट्रोल आहे. उडाली नाही तर मागे मागे जा: फिल्टर, पंप, टाकी. एमपीएफआयमध्ये किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी.

2023 पासून पंपांवर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल ओल शोषून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळही ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून पेट्रोलच्या नळ्या बोटांनी दाबून बघा. भेगा पडलेल्या, फुगलेल्या किंवा मऊ पडलेल्या सगळ्या बदला. पेट्रोलचा वास येत असताना गाडी सुरू करायची नाही.

घाटात तापणं आणि ब्रेक

चोर्ला किंवा अनमोड चढताना काटा वर गेला तर बाजूला थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं. घरी आल्यावर, इंजिन गार झाल्यावर, आधी पाण्याची पातळी. मग फॅन: त्याचा कनेक्टर काढून दोन वायरींनी सरळ बॅटरीवर लावा. फिरला तर फॅन चांगला, संशय थर्मो स्विचवर (पाणी तापल्यावर फॅन चालू करणाऱ्या) किंवा रिलेवर, आणि अर्थातच त्यांच्या अर्थिंगवर. विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं भरलेलं असेल तर ते गंजाने लाल झालेलं दिसेल. साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं, म्हणून कूलंट घालायचं.

ब्रेक ऑइलचा नियम वेगळा. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट-3 (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही हद्द 140 वर येऊ शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की तेवढी उष्णता सहज होते, नळीत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलाच. पातळी आणि गळती घरी बघा, पण ब्रेक खोलणं आणि हवा काढणं ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. इथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात, म्हणून गाडी जॅकवर चढवून खाली चिरा लावतात आणि माणूस आत शिरतो. चिरा भिंतीत भार पेलतो, कारण तिथे भार सगळीकडून सारखा पडतो. जॅकिंगच्या बारीक टोकाखाली, पावसाने भिजलेला चिरा न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवरही विसंबू नका. लोखंडी स्टॅण्डची जोडी घ्या, चाकांना पुढून-मागून अडसर लावा, जमीन कठीण असल्याची खात्री करा, आणि मगच खाली जा.

उभी गाडी

बोटीवर किंवा मुंबईला नोकरीला असलेल्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात आणि चवथीला घरी आलं की बॅटरी मेलेली. गाडी बंद असतानाही घड्याळ, स्टिरिओ थोडा करंट घेतात. 50 मिलिअँपिअरपर्यंत हे चालतं, पण तेवढंही दिवसाला 1.2 अँपिअर-अवर होतं. 35 अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात रिकामी. मोजायला मायनसची केबल काढा, मीटर 10 अँपिअरच्या भोकात लावून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये धरा. किल्ली मारायची नाही, नाहीतर मीटर जळेल. आकडा जास्त आला तर एक-एक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये गळती. डिकीचा न विझणारा दिवा आणि बाहेरून लावलेला ॲम्प्लिफायर हे दोघे नेहमीचे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर डायनामोचे डायोड तपासून घ्या, कारण त्याची जाड वायर फ्यूजच्या डब्यातून जात नाही.

लांब जाणार असाल तर मायनस काढूनच ठेवा. काचेखालच्या जाळीतली आंब्या-फणसाची पानं काढा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा, आणि पायाखालचं कार्पेट उचलून ओल आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत फ्यूजचा डबा डॅशबोर्डखालीच असतो, म्हणून आत पाणी शिरायला नको. परत आल्यावर बॅटरी घरी चार्ज करून 12.6 आल्यावरच जोडा. उतरलेली बॅटरी डायनामोवर सोडली तर तो तासन्‌तास पूर्ण जोराने चालत राहतो आणि तापतो.